पंधराचा वर्ग

आजचं वचन: यिर्मया ३२:२७

नोकरीसाठी प्रार्थना करताना मी शेवटी पटकन म्हणतो, प्रभू, तुझी इच्छा. खरं सांगू? तो नम्रपणा नसतो. उत्तर आलं नाही तर वाईट वाटू नये, म्हणून ठेवलेली पळवाट असते.

आज पंडिता रमाबाईंची आठवण झाली. १८९६ साली लोणावळ्याला ख्रिस्ती शिबिर भरलं होतं. प्रभूकडे आलेल्या आपल्या १५ मुलींना घेऊन बाई पहाटे प्रार्थनेला बसल्या आणि देवापुढे चक्क गणित मांडलं: पुढच्या शिबिराआधी या पंधराचा वर्ग कर. म्हणजे २२५! मागून होतंय तोच मनात संशय आला. शाळेत तेवढ्या मुलीच नव्हत्या, येणार कुठून? तेव्हा त्यांना हे वर दिलेलं वचन मिळालं.

त्याच वर्षी मध्य प्रांतात दुष्काळ पडला. बाईंचे स्वतःचे आईवडील दुष्काळातच गेले होते. त्यांना पुण्यात बसवेना. त्या स्वतः तिकडे गेल्या आणि सुमारे ३०० मुली वाचवल्या. पुण्यात प्लेग, म्हणून त्यांची सोय केडगावच्या शेतावर केली. पुढच्या शिबिराला बाईंबरोबर २०० हून जास्त मुली होत्या.

या उत्तरासाठी देवाने दुष्काळ पाडला, असं मी कधीच म्हणणार नाही. पण त्या भुकेल्या मुली दिसल्या तेव्हा बाई आधीपासूनच कुणाची तरी वाट बघत होत्या.

मी अजून आकडा घालून काहीच मागितलेलं नाही. भीती वाटते. आज रात्री मागून बघतो.