डॉ. कोटणीस आणि सुईचा इलाज

अतिकामाने आलेला शीण व मनावरचा ताण यांवर अॅक्युपंक्चरचा कितपत उपयोग होतो, एवढ्याच कुतूहलाने मी त्या विषयावर वाचू लागलो. वाचता वाचता भेटले ते सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस. भारतात या चिनी विद्येच्या काही दवाखान्यांना त्यांचे नाव दिलेले आहे. ते स्वतः मात्र शस्त्रक्रिया करणारे सर्जन होते, आणि विश्रांती हा शब्द त्यांना ठाऊक नसावा.

त्यांचा जन्म 10 ऑक्टोबर 1910 चा. वैद्यकीचे शिक्षण मुंबईच्या जी. एस. मेडिकल कॉलेजात झाले. जपानने चीनवर आक्रमण केले तेव्हा चिनी सेनानी चू तेह यांनी पंडित नेहरूंकडे वैद्यकीय मदत मागितली. सुभाषबाबू त्या वेळी काँग्रेसचे अध्यक्ष होते. सप्टेंबर 1938 मध्ये पाच डॉक्टरांचे पथक मुंबईहून बोटीने निघाले. डॉ. अटल प्रमुख, शिवाय कलकत्त्याचे डॉ. बसू व डॉ. मुखर्जी, आणि आपल्या शेजारच्या नागपूरचे डॉ. चोळकर. पिपरी मेघेच्या आम्हा मुलांना कोटणीसांचे नाव निदान सिनेमामुळे माहीत असते. चोळकरांचे तेवढेही नाही, याचे वाईट वाटते.

चीनमध्ये असतानाच वडील वारल्याची बातमी आली. कोटणीस परतले नाहीत. हळूहळू इतर सहकारी मायदेशी गेले. मागे राहिले कोटणीस आणि बसू.

पुढची दोन-तीन वर्षे मला फार अस्वस्थ करतात. 1940 च्या लढाईत त्यांनी सलग बहात्तर तास झोपेशिवाय शस्त्रक्रिया केल्या, असे सांगतात. कॅनडाचे डॉ. बेथ्यून शस्त्रक्रिया करताना झालेल्या जखमेतून विषबाधा होऊन 1939 साली वारले होते. त्यांच्या नावाच्या रुग्णालयाचे संचालकपद 1941 मध्ये कोटणीसांकडे आले. रोगी तपासणे, शिकवणे, चिनी भाषेत शस्त्रक्रियेचे पुस्तक लिहिणे, सगळे एकाच वेळी. त्याच वर्षी को चिंगलान या परिचारिकेशी विवाह झाला. अपस्माराचे झटके येऊ लागले. उपचारासाठी दुसरीकडे जाण्याचा सल्ला मिळाला, तो त्यांनी मानला नाही. ऑगस्ट 1942 मध्ये मुलगा झाला, यिनहुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. 9 डिसेंबर 1942 रोजी डॉक्टर गेले. वय अवघे बत्तीस, मूल चार महिन्यांचेही नव्हते.

आपण याला त्याग म्हणतो, आणि तो होताच. पण शिणाने आजार वाढवला नसेल काय, हे विचारायला आपल्याला संकोच का वाटावा? आमच्या घरी थकवा हा आजारात मोजतच नाहीत. अंग दुखले तर तेल चोळायचे अन् पहाटे पुन्हा वावरात जायचे. जागतिक आरोग्य संघटनेनेसुद्धा 2019 मध्ये 'बर्नआउट'ची नोंद केली ती रोग म्हणून नव्हे, कामाच्या न आवरलेल्या ताणातून येणारी स्थिती म्हणून.

सुया भारतात आल्या त्या बसूंच्या हातून. 1950 च्या दशकाच्या अखेरीस ते पुन्हा चीनला गेले, ती विद्या शिकले आणि कलकत्त्यात त्यांनी तिचा वापर सुरू केला. मित्राच्या नावाने चाललेल्या स्मारक समितीमार्फत ती पुढे पसरली. ठरावीक बिंदूंवर केसासारख्या सुया टोचून वीस-तीस मिनिटे रोग्याला निवांत पडू देतात. चिनी वैद्य शरीरातील 'ची' नावाच्या शक्तीचे वहन सांगतात. आजचे संशोधक मज्जातंतूंकडे बोट दाखवतात. ताणाच्या विकारांवर प्रयोग झाले, पण बरेचसे लहान. सुईचा गुण किती आणि त्या अर्ध्या तासाच्या स्वस्थतेचा किती, हे वेगळे काढणे कठीण जाते. माझ्या मते त्या स्वस्थतेचा वाटा मोठा असावा. कोटणीसांना तेवढा अर्धा तासही मिळाला नाही. त्यांचे शस्त्रक्रियेवरचे दुसरे पुस्तक अर्धेच लिहून राहिले.