फळ्यावरचा खडू आणि पॉल पँलव्हे

आमच्या संस्थानी शाळेत गणिताचे मास्तर खडू पुढे रेटू लागले की तो मध्येच टकटक उड्या मारी आणि रेघेऐवजी ठिपक्यांची माळ उमटे. आम्ही मुले हसत असू. या उड्यांमागे केवढे गणित दडले आहे हे मला पुष्कळ वर्षांनी, पॉल पँलव्हे या फ्रेंच गणितज्ञाविषयी वाचताना कळले.

पँलव्हे पॅरिसचे; जन्म ५ डिसेंबर १८६३. वयाच्या बत्तिसाव्या वर्षाआधीच, १८९५ साली, स्वीडनच्या राजाच्या निमंत्रणावरून त्यांनी स्टॉकहोमला व्याख्याने दिली. बदलाचा वेग सांगणारी समीकरणे, म्हणजे अवकल समीकरणे, हा त्यांचा विषय. अशा समीकरणांची उत्तरे काही बिंदूंपाशी बिघडतात. कधी हा बिंदू समीकरणातच ठरलेला असतो, तर कधी सुरुवात जराशी बदलली की तोही सरकतो. हे सरकते बिंदू जेथे डोईजड होत नाहीत, अशी समीकरणे त्यांनी निवडायला घेतली. यादीत उणिवा राहिल्या, त्या पुढे इतरांनी भरून काढल्या; पण ती सहा समीकरणे आजही पँलव्हे यांच्याच नावाने ओळखली जातात.

खडूचा प्रश्नही १८९५ चाच. खरखरीत जमिनीवर एक तिरकी काठी घसरते आहे असे समजा. गतीची अवकल समीकरणे आहेतच; शिवाय काठीचे टोक जमिनीला टेकलेले राहावे, ही बीजगणिताची साधी अट. आता घर्षण फार झाले (एकसारख्या काठीला घर्षणांक ४/३ च्या वर), तर काही स्थितींत या जोडीला उत्तरच मिळत नाही आणि काहींत दोन मिळतात! घर्षणाचा जुना नियम आणि पूर्ण ताठ वस्तू या दोन कल्पना एकत्र नांदत नाहीत, असा निष्कर्ष पँलव्हे यांनी काढला. काठी बिचारी उत्तरासाठी थांबत नाही, ती उसळते. खरी वस्तू थोडीशी दबते हे हिशेबात घेतले, म्हणजे वाट सापडते.

१९०२ मध्ये मुलाच्या जन्मावेळी त्यांची पत्नी वारली. १९०८ साली ते विल्बर राइटच्या विमानात तासाहून अधिक काळ हवेत होते. १९१० मध्ये लोकसभेत गेले आणि मार्च १९१७ मध्ये, महायुद्ध ऐन भरात असताना, युद्धमंत्री झाले.

सेनापती निव्हेल यांच्या चढाईच्या बेतावर त्यांचा विश्वास नव्हता. ६ एप्रिलला कोंपियेन येथे बैठक झाली. निव्हेल यांनी राजीनामा पुढे केला, तो स्वीकारला गेला नाही. मला ही गोष्ट फार लागते. ज्या गृहस्थाला हिशेब कोठे अडतो ते दिसत होते, त्यालाही तो थांबवता आला नाही. १६ एप्रिलला हल्ला झाला. लाखावर फ्रेंच सैनिक मेले वा जखमी झाले आणि सैन्यात बंडाळी माजली. मे महिन्यात पँलव्हे यांनी निव्हेल यांच्या जागी पेतँ यांना नेमले.

पुढे ते दोनदा पंतप्रधान झाले, १९१७ आणि १९२५ साली. २९ ऑक्टोबर १९३३ रोजी ते वारले. त्यांना पॅरिसच्या पाँतेऑमध्ये पुरले आहे.