विश्लेषण : फॅटी लिव्हर, आतड्यातले जिवाणू आणि रोज आंबट दूध पिणारे मेचनिकॉव

जेसल पार्कच्या चौपाटीवर सकाळी चालायला येणाऱ्यांच्या गप्पांत शुगर आणि गुडघ्यांच्या जोडीला आता फॅटी लिव्हर आले आहे. भलत्याच कारणासाठी पोटाची सोनोग्राफी होते आणि रिपोर्टच्या शेवटी ‘ग्रेड वन’ लिहून येते. दारूला कधी हात न लावलेल्या माणसाला ते वाचून धक्का बसतो. मग कोणी सांगते, सगळा घोळ पोटातल्या जिवाणूंचा आहे, ताक प्या. कोणी प्रोबायोटिकची बाटली सुचवते. यातला जिवाणूंचा भाग खोटा नाही. ताकाचा भाग मात्र तपासून घ्यावा लागतो. आतड्यातले जिवाणू आपले आयुष्य ठरवतात आणि आंबवलेल्या दुधाने त्यांना वळण लावता येते, ही कल्पना जगभर पोहोचवणारे शास्त्रज्ञ म्हणजे इल्या मेचनिकॉव. ते कुठे बरोबर होते आणि कुठे घसरले, हे कळले की आजच्या जाहिराती वाचणे सोपे जाते.

कोण होते मेचनिकॉव?

जन्म मे १८४५ चा, आज युक्रेनमध्ये असलेल्या खारकीव्हजवळच्या एका गावात. मुळात ते डॉक्टर नव्हते, प्राणिशास्त्रज्ञ होते. समुद्रातल्या बारीकसारीक जिवांचा अभ्यास करत ते ऐन तारुण्यात ओडेसा विद्यापीठात शिकवू लागले. घरात मात्र आजारपण ठाण मांडून होते. पहिली पत्नी ल्युदमिला हिला क्षयाने इतके पोखरले होते की लग्नासाठी तिला खुर्चीत बसवून चर्चमध्ये न्यावे लागले. १८७३ साली ती गेली. मेचनिकॉव यांनी मॉर्फिनचा मोठा डोस घेतला. उलटी झाली म्हणून वाचले. दुसरी पत्नी ओल्गा १८८० मध्ये विषमज्वराने मरणाच्या दारात पोहोचली, तेव्हा त्यांनी एका तापाच्या रुग्णाचे रक्त स्वतःला टोचून घेतले. त्यातूनही ते वाचले आणि ओल्गाही बरी झाली. पुढे म्हातारपण आणि मृत्यू या विषयांनी त्यांना असे पछाडले, त्याचे मूळ इथे असावे.

काट्याचा प्रयोग काय होता?

विद्यापीठातल्या राजकारणाला कंटाळून त्यांनी १८८२ मध्ये राजीनामा दिला आणि कुटुंबासह सिसिलीतले मेसिना गाठले. घरची मंडळी सर्कस पाहायला गेली असताना ते सूक्ष्मदर्शकाखाली तारामाशाच्या पारदर्शक अळ्या पाहत बसले होते. त्यांच्या मनात आले, या जिवाला काटा टोचला तर आतल्या फिरत्या पेशी तिकडे धावतील का? बागेतले काटे आणून त्यांनी ते अळ्यांत खुपसले. सकाळी पाहतात तर काट्याभोवती पेशींनी गराडा घातला होता.

शरीरात शिरलेल्या परक्या वस्तूला गिळणाऱ्या या भक्षक पेशी म्हणजे शरीराचे पहारेकरी, असे त्यांनी मांडले. जर्मन शास्त्रज्ञांनी त्यांच्यावर वर्षानुवर्षे टीकेची झोड उठवली. त्यांचा भर रक्तातल्या द्रव घटकांवर होता. दोन्ही बाजू खऱ्या निघाल्या आणि १९०८ चे नोबेल मेचनिकॉव आणि पॉल एर्लिख यांना विभागून मिळाले.

मुंबईशी त्यांचा काय संबंध?

भाईंदरहून लोकलने प्रभादेवीला उतरून परळला गेलात, तर जुन्या गव्हर्नर निवासात हाफकिन संस्था दिसते. वाल्डेमार हाफकिन हे ओडेसात मेचनिकॉव यांचे विद्यार्थी. मेचनिकॉव १८८८ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत गेले, पुढच्याच वर्षी हाफकिनही तिथे आले, पण काम मिळाले ते ग्रंथालयातले. फावल्या वेळात प्रयोग करत त्यांनी कॉलऱ्याची लस तयार केली आणि जुलै १८९२ मध्ये ती आधी स्वतःला टोचली. १८९६ मध्ये प्लेगने मुंबई रिकामी होऊ लागली तेव्हा ते इथे आले आणि जानेवारी १८९७ मध्ये प्लेगची लसही आधी स्वतःवरच पाहिली. गुरूचीच सवय म्हणायची!

कारण त्याच दशकात गुरूने कॉलऱ्याचे जिवंत जंतू पिऊन पाहिले होते. त्यांना काहीच झाले नाही, एक स्वयंसेवक मात्र मरता मरता वाचला. एकच जंतू एकाला लोळवतो आणि दुसऱ्याला नाही, असे का? मेचनिकॉव यांना वाटले, आतड्यात आधीपासून राहणारे जिवाणू याचा निकाल लावत असावेत. हा प्रश्न आजही जुना झालेला नाही.

मग आंबट दूध कुठून आले?

मोठ्या आतड्यात अन्न कुजते, तिथले जिवाणू विष तयार करतात, ते रक्तात भिनते आणि माणूस वेळेआधी म्हातारा होतो, असा सिद्धांत त्यांनी मांडला. बल्गेरियात दही खाणारे शेतकरी शंभरी गाठतात, असे तेव्हा सांगितले जाई. बल्गेरियन विद्यार्थी स्टामेन ग्रिगोरोव यांनी १९०५ मध्ये तिथल्या दह्यातला जिवाणू ओळखला होताच. त्याच्या आम्लाने कुजवणारे जिवाणू दबतील, असा मेचनिकॉव यांचा हिशेब. ते स्वतः रोज आंबवलेले दूध पीत. १९०४ चे त्यांचे पॅरिसमधले म्हातारपणावरचे व्याख्यान गाजले आणि युरोपात दह्याची लाट आली. त्यांच्या नावावर गोळ्याही विकल्या गेल्या. जेवणानंतर ताक ज्यांच्या घरात पिढ्यानपिढ्या आहे त्यांना याचे हसू येईल.

चुकाही कमी नव्हत्या. शंभरी गाठलेल्यांच्या वयाचे पक्के दाखले नव्हते. मोठे आतडे निरुपयोगी आहे हे त्यांचे मत तर घातकच ठरले. याच विचारांच्या प्रभावाखाली लंडनचे सर्जन आर्बथनॉट लेन बद्धकोष्ठाच्या रुग्णांची मोठी आतडी कापून काढत होते आणि त्यात काही जण दगावले. तंतुमय अन्नापासून शरीराला उपयोगी आम्ले तयार करणारे जिवाणू त्याच आतड्यात राहतात, हे नंतर कळले. दह्यातला तो बल्गेरियन जिवाणू आतड्यात मुक्काम करत नाही, हेही पुढच्या काही वर्षांत स्पष्ट झाले.

मेचनिकॉव यांना हृदयविकाराने गाठले. शेवटच्या दिवसांत, मृत्यूनंतर आपली आतडी नीट तपासा, असे त्यांनी डॉक्टर मित्राला बजावून ठेवले होते. जुलै १९१६ मध्ये, महायुद्ध चालू असताना, ते पॅरिसमध्ये ७१ व्या वर्षी वारले. शंभरी दूरच राहिली. त्यांच्या अस्थींचा कलश पाश्चर संस्थेच्या ग्रंथालयात ठेवला आहे.

यकृताचा यात संबंध काय?

त्यांच्या आयुष्यातली दोन कामे, भक्षक पेशी आणि आतड्यातले जिवाणू, एकत्र येतात ती यकृतात. यकृताला मिळणाऱ्या रक्तापैकी सुमारे तीन चतुर्थांश थेट आतड्याकडून येते. आतड्याचे अस्तर ढिले पडले की जिवाणूंच्या कवचाचे तुकडे त्या रक्तातून यकृतात पोहोचतात. तिथे कुफर पेशी बसलेल्या असतात. त्या भक्षक पेशीच, मेसिनातल्या काट्याभोवती जमलेल्यांच्या भाऊबंद. त्या तुकडे गिळतात, पण मारा रोजचा झाला की सूज धुमसत राहते. यकृतात आधीच चरबी साठली असेल तर पेशींना इजा होते आणि हळूहळू व्रणासारखे तंतू तयार होतात.

उंदरांवरच्या प्रयोगांत एकाच्या आतड्यातले जिवाणू दुसऱ्यात सोडल्यावर यकृतात चरबी साठण्याची प्रवृत्तीही त्यांच्यासोबत गेल्याचे दिसले आहे. २०१९ मध्ये चिनी संशोधकांना काही रुग्णांच्या आतड्यात साखरेपासून मद्यार्क बनवणारे जिवाणू सापडले. म्हणजे थेंबही न पिता यकृताला दारू मिळत होती! पण हे सर्वांनाच लागू होत नाही. बहुतेकांच्या बाबतीत पोटाचा घेर, मधुमेह, बैठे काम आणि साखर हीच मोठी कारणे आहेत, आणि जिवाणूही त्याच खाण्यामुळे बिघडतात.

मग ताक प्यायचे की नाही?

घरी विरजलेल्या दह्याचे पातळ ताक जरूर प्या, त्यात नुकसान नाही. पण साखर घातलेली लस्सी, गोड दही किंवा फळांच्या चवीची पेये म्हणजे उलटा कारभार, कारण जादा साखरेची चरबी यकृतातच तयार होते. प्रोबायोटिकच्या छोट्या चाचण्यांत थोडा फायदा दिसला असला, तरी फॅटी लिव्हरवर उपचार म्हणून ती द्यावीत इतका पुरावा अजून जमलेला नाही. वजन पाच टक्के उतरले तरी यकृतातली चरबी घटते. सात ते दहा टक्के उतरले तर सूजही कमी होते. ८० किलोच्या माणसासाठी हे चार ते आठ किलो. केंद्र सरकारने २०२१ मध्ये हा आजार असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात घेतला आहे. रिपोर्टवर ‘ग्रेड वन’ असेल तर डॉक्टरांकडून रक्तातली साखर, कोलेस्टेरॉल आणि यकृताची रक्तचाचणी करून घ्यावी, गरज वाटल्यास ते यकृताचा कडकपणा मोजणारी तपासणीही सांगतात.