बाबा पदमनजी

बाबा पदमनजी मुळे (मे १८३१, बेळगाव – २९ ऑगस्ट १९०६, मुंबई) हे मराठी लेखक, कोशकार, नियतकालिकांचे संपादक व ख्रिस्ती धर्मोपदेशक होते. १८५४ साली त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. १८५७ साली प्रसिद्ध झालेले त्यांचे यमुनापर्यटन हे पुस्तक मराठीतील पहिली स्वतंत्र सामाजिक कादंबरी म्हणून ओळखले जाते.

बालपण आणि शिक्षण

बाबांचा जन्म बेळगाव येथे त्वष्टा कासार ज्ञातीतील एका धर्मनिष्ठ कुटुंबात झाला. व्रते, उपवास, पूजा आणि पुराणश्रवण यांचे संस्कार त्यांच्यावर लहानपणीच झाले होते. पुढील काळात ज्या आचारांवर त्यांनी टीका केली, ते त्यांनी स्वतः श्रद्धेने पाळलेले होते. बेळगावातील मिशनरी शाळेत शिकत असताना त्यांचा बायबलशी परिचय झाला. त्यानंतर ते शिक्षणासाठी मुंबईस आले आणि स्कॉटिश मिशनऱ्यांनी चालविलेल्या फ्री चर्चच्या विद्यालयात दाखल झाले.

मुंबईतील वैचारिक वातावरण

त्या काळची मुंबई हे छापखाने, शाळा, वृत्तपत्रे व वादसभा यांचे शहर बनले होते. १८४३ साली नारायण शेषाद्री यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यानंतर त्यांचे धाकटे बंधू श्रीपाद यांचे प्रकरण न्यायालयात गेले. पुढे श्रीपाद यांना प्रायश्चित्त देऊन ज्ञातीत परत घेण्याच्या प्रश्नावरून मोठा वाद झाला. बाळशास्त्री जांभेकर यांनी त्यांचा पक्ष घेतला होता. धर्मांतराचा प्रश्न अशा रीतीने घराघरांत चर्चिला जात होता.

याच वातावरणात १८४९ साली परमहंस सभा स्थापन झाली. दादोबा पांडुरंग हे तिचे एक प्रमुख प्रवर्तक होते. मूर्तिपूजा व जातिभेद अमान्य करणारे सुशिक्षित तरुण तेथे गुप्तपणे जमत, एकेश्वराची प्रार्थना करीत आणि जातीचे बंधन मोडून एकत्र खात-पीत. बाबा या सभेचे सभासद होते. परंतु सभासदांचा आचार बंद दारापलीकडे जात नसे. घरी परतल्यावर त्यांना ज्ञातीचे सर्व नियम पाळावे लागत. बाबांचा जुन्या आचारांवरील विश्वास उडाला होता, तरी केवळ एकेश्वरवादाने त्यांचे समाधान झाले नाही. पापाची क्षमा व तारण कसे मिळेल, हा प्रश्न त्यांना अस्वस्थ करीत राहिला आणि त्याचे उत्तर आपणास ख्रिस्ताच्या शिकवणीत मिळाले, अशी त्यांची धारणा झाली.

धर्मांतर आणि त्याचे परिणाम

मनाने ख्रिस्ती झाल्यावरही उघड बाप्तिस्मा घेण्यास त्यांना बराच काळ लागला. आईवडिलांचे दुःख, पत्नीचा वियोग आणि ज्ञातीचा बहिष्कार यांचे भय त्यांच्यासमोर होते. अखेरीस ३ सप्टेंबर १८५४ रोजी बेळगाव येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १८५० च्या कायद्यामुळे धर्मांतरितांचा संपत्तीवरील हक्क अबाधित राहत असे. कौटुंबिक नाती मात्र कायद्याने राखली जात नव्हती. बाबांची पत्नी त्यांच्याकडे राहण्यास आली नाही व तो संसार मोडला. कालांतराने त्यांनी ख्रिस्ती समाजातील स्त्रीशी विवाह केला.

१८६७ साली त्यांना पुणे येथे पाळकपदाची दीक्षा मिळाली. काही वर्षांनी ते पद सोडून ते मुंबईस आले आणि ख्रिस्ती ग्रंथप्रकाशन संस्थांसाठी लेखन व संपादन करू लागले.

साहित्य

विधवाविवाहास मान्यता देणारा कायदा १८५६ साली झाला आणि पुढील वर्षी यमुनापर्यटन प्रकाशित झाले. यमुना व तिचा पती विनायकराव यांना प्रवासात भेटणाऱ्या विधवांच्या कहाण्या या कादंबरीत आहेत. केशवपन, उपासमार आणि घरातील छळ यांचे चित्रण त्यात आढळते. शेवटी यमुनेवरही वैधव्य येते. ती ख्रिस्ती धर्म स्वीकारून पुनर्विवाह करते. धर्मप्रचाराचा हेतू कथेत स्पष्टपणे दिसतो. तथापि तत्कालीन स्त्रीजीवनाचे दर्शन घडविणारी कृती म्हणून अभ्यासक तिला महत्त्व देतात.

शब्दरत्नावली (१८६०) हा समानार्थी शब्दांचा कोश आणि मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशाची संक्षिप्त आवृत्ती (१८६३) ही त्यांची भाषाविषयक कामे होत. सत्यदीपिका, उदयप्रभात, कुटुंबमित्र इत्यादी नियतकालिकांशी त्यांचा संपादक म्हणून संबंध होता. त्यांच्या लहानमोठ्या पुस्तकांची संख्या शंभराच्या आसपास जाते. १८८० च्या दशकात प्रसिद्ध झालेले अरुणोदय हे त्यांचे आत्मचरित्र मराठीतील आरंभीच्या आत्मचरित्रांपैकी एक आहे. त्यात बालपणापासून बाप्तिस्म्यापर्यंतचा वृत्तांत असून १८९० साली त्याचे इंग्रजी भाषांतर निघाले.

महत्त्व

धर्मांतरामुळे बाबा आपल्या ज्ञातीपासून दुरावले, परंतु मराठी भाषेपासून दुरावले नाहीत. इतर धर्मांवरील त्यांच्या टीकेचा सूर अनेकदा कठोर होता व त्यामुळे त्यांच्या लेखनाचा मोठा भाग ख्रिस्ती वाचकांपुरताच मर्यादित राहिला. तरीही कादंबरी, कोश व आत्मचरित्र या तिन्ही प्रकारांत त्यांचे कार्य आरंभीचे आहे. खाजगीत पटलेले मत उघडपणे आचरावे की नाही, या त्या पिढीतील सुशिक्षितांसमोरच्या पेचाचे तपशीलवार चित्र अरुणोदयातून मिळते.