घटपर्णीचे अभ्यासक : सर जोसेफ डाल्टन हूकर

वनस्पती जागची हलत नाही, म्हणून ती निरुपद्रवी, असे आपण सहज समजतो. परंतु कीटकांस भुलवून, बुडवून, त्यांवर निर्वाह करणारी घटपर्णी पाहिली म्हणजे हा समज टिकत नाही. तिच्या पानाच्या टोकास झाकण असलेला सुरईसारखा घट लोंबत असतो. हा घट येतो कोठून आणि त्यातील पाणी करते काय, ह्या दोन प्रश्नांचा ज्यांनी पंधरा वर्षांहून अधिक काळ पाठपुरावा केला, त्या सर जोसेफ हूकर ह्यांचे चरित्र आम्ही येथे देत आहोत.

हूकर ह्यांचा जन्म इंग्लंडात ३० जून १८१७ रोजी झाला. वडील ग्लासगो येथे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. सात वर्षांचा हा मुलगा त्यांच्या व्याख्यानांस जाऊन बसे! १८३९ साली वैद्यकाची पदवी घेऊन ते दक्षिण ध्रुवाकडील सफरीवर गेले. १८४८ साली ते हिंदुस्थानात आले. सिक्कीम दरबाराची मनाई असता ते तिबेटच्या हद्दीत गेले, आणि परतल्यावर काही आठवडे कैदेत पडले. हे निमित्त करून इंग्रजांनी सिक्कीमचा काही मुलूख बळकावला. विद्येच्या वाटेवरही राज्यतृष्णेची सावली पडते ती अशी. पुढे १८५० साली ते खासी टेकड्यांत हिंडले. भारतातील एकमेव घटपर्णी आजच्या मेघालयातील ह्याच भागात वाढते. तिचे ‘नेपेंथिस खासियाना’ हे शास्त्रीय नाव १८७३ साली हूकर ह्यांनीच ठेविले.

१८५५ साली ते लंडनजवळील क्यू येथील वनस्पती-उद्यानाचे उपसंचालक झाले व १८६५ साली संचालक. तेथील उबदार, दमट काचघरांत देशोदेशींच्या घटपर्णी वाढत. त्यांची लहानमोठी पाने एकापुढे एक ठेवून घट कसकसा वाढतो, हे हूकर ह्यांनी पाहिले. कोवळ्या पानाची मध्यशीर टोकाबाहेर तंतूसारखी निघते. तंतूच्या शेवटी बारीक फुगवटा येतो. तो लांबतो, वर वळतो, आतून पोकळ होतो. झाकण मात्र घट्ट मिटलेले असते. घट पुरता वाढला की ते उघडते. आणि मौज ही, की पाणी त्यापूर्वीच आत असते. म्हणजे ते पावसाचे नव्हे, वनस्पतीने स्वतःच स्रवलेले.

१८५९ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात, मध्यशिरेच्या टोकावरील एका ग्रंथीचे रूपांतर होऊन घट बनतो, असे त्यांनी प्रतिपादिले. हे अनुमान पुढे टिकले नाही. घट हेच पानाचे खरे पाते, आणि आपणांस पाते वाटतो तो पानाचा रुंदावलेला बुडखा, असे आज मानितात. आमच्या मते ह्यात हूकर ह्यांस कमीपणा नाही. ज्यांनी त्यांचे मत खोडले, त्यांनाही पान प्रथमपासून पाहण्याचीच वाट धरावी लागली.

दुसऱ्या प्रश्नाकडे ते वळले ते स्नेही चार्ल्स डार्विन ह्यांच्या आग्रहाने. डार्विन तेव्हा दवबिंदू ह्या कीटकभक्षक वनस्पतीवर प्रयोग करीत होते. (दवबिंदूच्या जाती पावसाळ्यात आपल्या कोकण-गोव्याच्या सड्यांवरही दिसतात.) हूकर ह्यांनी घटांत अंड्याचा पांढरा बलक, मांस व कूर्चेचे तुकडे टाकिले. चोवीस तासांत बलकाच्या कडा झिजल्या. कूर्चा तर तीन दिवसांत पारदर्शक लगदा झाली. तेच पाणी काचेच्या नळीत काढून घेतले, तेव्हा मात्र त्याचा प्रभाव पुष्कळच मंदावला. ह्यावरून, भक्ष्य आत पडल्यावरच घट खरा पाचकरस सोडीत असावा, असे त्यांनी ताडिले, व ऑगस्ट १८७४ मध्ये बेलफास्ट येथील विद्वत्सभेपुढे ते मांडिले. हे कार्य सूक्ष्मजंतूंचे, असा आक्षेप पुढे काहींनी घेतला. परंतु पाचक द्रव्ये घटपर्णी स्वतः निर्माण करिते, हे अखेर सिद्ध झाले.

त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात त्यांची पत्नी अकस्मात निवर्तली. त्या वेळी उद्यानाचा भार, रॉयल सोसायटीचे अध्यक्षपद आणि हिंदुस्थानच्या वनस्पतींचा महाग्रंथ, सर्व एकट्याच्या शिरावर होते. तो ग्रंथ १८७२ पासून १८९७ पर्यंत सात खंडांत पुरा झाला.

१० डिसेंबर १९११ रोजी, चौऱ्याण्णवाव्या वर्षी, ते निधन पावले. अखेरची वर्षे त्यांनी तेरड्याच्या जातींचा अभ्यास करण्यात घालविली. तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात. हूकर ह्यांस तो जन्माच्या शेवटापर्यंत पुरला.