जिम ग्रे

जेम्स निकोलस ऊर्फ जिम ग्रे (जन्म : १२ जानेवारी १९४४, बेपत्ता : २८ जानेवारी २००७) हे अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ होते. रिलेशनल डेटाबेसमधील व्यवहार, म्हणजेच ट्रान्झॅक्शन, आणि लॉकिंग यांच्या शास्त्राचा पाया घालणाऱ्यांत त्यांची गणना होते. त्यांना १९९८ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

शिक्षण

ग्रे यांचा जन्म सॅन फ्रान्सिस्को येथे झाला. कॅलिफोर्निया विद्यापीठातून (बर्कली) १९६६ मध्ये पदवी घेतल्यावर १९६९ मध्ये त्यांनी तेथेच संगणकशास्त्रात पीएच.डी. मिळवली.

कार्य

आयबीएमच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेत ते 'सिस्टिम आर' या प्रकल्पात सहभागी झाले. एका खात्यातून रक्कम वजा झाली आणि दुसऱ्या खात्यात जमा होण्यापूर्वीच यंत्र बंद पडले, तर हिशेब बिघडतो. म्हणून अशा नोंदी मिळून एकच व्यवहार मानला जातो. तो पूर्णपणे पार पडतो, अन्यथा त्याचा कोणताही परिणाम शिल्लक राहत नाही. ही संकल्पना ग्रे यांनी शास्त्रशुद्ध रीतीने मांडली.

अनेक व्यवहार एकाच वेळी चालू असता त्यांनी परस्परांच्या नोंदी बिघडवू नयेत, यासाठी लॉक वापरतात. व्यवहाराने एकदा लॉक सोडण्यास आरंभ केल्यावर नवे लॉक घेऊ नये, हा द्विचरणी लॉकिंगचा नियम ग्रे यांनी के. पी. ईश्वरन, रेमंड लोरी व अर्व्हिंग ट्रायगर यांच्यासमवेत १९७६ मध्ये मांडला. संपूर्ण सारणी लॉक केल्यास इतरांना ताटकळावे लागते. प्रत्येक ओळ स्वतंत्रपणे लॉक केल्यास व्यवस्थापनाचा भार वाढतो. यावर उपाय म्हणून ओळ लॉक करण्यापूर्वी सारणीवर तशी पूर्वसूचना नोंदवण्याची पद्धत त्यांनी सहकाऱ्यांसह विकसित केली. त्यामुळे संपूर्ण सारणी हवी असणाऱ्यास एकेक ओळ तपासावी लागत नाही.

पुढे त्यांनी टँडेम, डिजिटल आणि १९९५ पासून मायक्रोसॉफ्ट या कंपन्यांत काम केले. आंद्रेआस रॉयटर यांच्यासह लिहिलेला त्यांचा व्यवहार-प्रक्रियेवरील ग्रंथ या विषयात प्रमाण मानला जातो. खगोलशास्त्रज्ञांच्या निरीक्षणांचा विशाल साठा सर्वांना खुला करणाऱ्या 'स्कायसर्व्हर'च्या उभारणीतही त्यांचा मोठा वाटा होता.

अखेर

२८ जानेवारी २००७ रोजी आईच्या अस्थी विसर्जित करण्यासाठी ते 'टेनेशियस' या शिडाच्या नौकेतून एकटेच फॅरलॉन बेटांकडे निघाले आणि परतले नाहीत. तटरक्षक दलाने विस्तृत शोध घेतला. हजारो स्वयंसेवकांनी उपग्रहचित्रे तपासली; तथापि नौकेचा ठावठिकाणा लागला नाही. २०१२ मध्ये त्यांना कायदेशीररीत्या मृत घोषित करण्यात आले. बँकिंग, आरक्षण आणि ऑनलाइन खरेदी यांच्या संगणकप्रणाली आजही त्यांनी घालून दिलेल्या तत्त्वांचा आधार घेतात.