श्रीमद राजचंद्र : पेढीवरील मुमुक्षू

श्रावकाने कोणता व्यवसाय करू नये, हे शास्त्रकारांनी पंधरा कर्मादानांत सांगून ठेवले आहे. त्यांतील पाच तर थेट विक्रीचीच : दंत, लाक्षा, रस, केश आणि विष यांचे वाणिज्य. परंतु निषिद्ध नसलेला माल विकणाऱ्यासही काही गोष्टी बाजाराबाहेर राखाव्या लागतात. श्रीमद राजचंद्रांचे चरित्र त्या दृष्टीने वाचण्याजोगे आहे.

सौराष्ट्रातील ववाणिया येथे ९ नोव्हेंबर १८६७ रोजी त्यांचा जन्म झाला. स्मरणशक्ती अलौकिक. १८८७ साली मुंबईच्या फरामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी शतावधानाचा प्रयोग केला, तेव्हा वय अवघे एकोणीस. मुख्य न्यायाधीश सर चार्ल्स सार्जंट यांनी त्यांना युरोपात प्रयोग करण्याचे सुचविले. कीर्ती आणि द्रव्य दोन्ही दारी चालून आली होती. श्रीमदांनी नकार दिला. पुढे जाहीर अवधाने आणि ज्योतिषही सोडले. आत्मसाधनेत बाधा आणणारी शक्ती त्यांनी मांडावर ठेवली नाही.

उपजीविकेसाठी मात्र त्यांनी व्यापारच पत्करला. मुंबईत रेवाशंकर जगजीवन यांच्या पेढीत भागीदार होऊन ते हिरे-मोत्यांचे व्यवहार पाहू लागले. (मोतीही जिवाच्याच पोटातून येतो, अशी शंका आज कोणी घेईल, ती रास्तच आहे.) १८९१ मध्ये विलायतेहून परतलेल्या गांधीजींना अवधानांपेक्षा या गृहस्थाच्या वृत्तीचेच अधिक आश्चर्य वाटले. लाखोंचा सौदा आटोपताच गादीवरची वही किंवा धर्मग्रंथ उघडला जाई.

एका सौद्याची हकीकत जैन घरांतून आजही सांगितली जाते. एका व्यापाऱ्याने ठरलेल्या भावाने हिरे देण्याचा करार केला आणि भाव एकाएकी चढले. करार पाळावा तर त्याचे घरदार विकले जाणार. तो पेढीवर येण्यापूर्वीच श्रीमद त्याच्याकडे गेले आणि दस्तऐवज मागून घेऊन फाडून टाकला. कायद्याने नफा त्यांचा होता. पण माल विकत घेण्याचा करार म्हणजे विकणाऱ्याचा संसार विकत घेण्याचा अधिकार नव्हे, असा त्यांचा हिशेब होता. तोटा झाला म्हणून दया केली असे हे नव्हे. येणे असलेला पैसा सोडला, हे अधिक कठीण.

१८९६ मध्ये नडियाद येथे त्यांनी १४२ गाथांचे ‘आत्मसिद्धिशास्त्र’ एका बैठकीत रचले. त्याच्या चारच प्रती करण्यात आल्या आणि त्या चार अधिकारी मुमुक्षूंना देण्यात आल्या. ९ एप्रिल १९०१ रोजी राजकोट येथे, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, त्यांनी देह ठेवला.